बुधवारची शांतता

डिंडोली, सुरत
१२ ऑगस्ट १९९६

प्रिय चंद्रभागाआत्यास जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. नव्या घरात राहायला गेलीस हे वाचून आनंद झाला. पण तिथं झोप लागत नाही आणि डॉक्टरनं ब्लडप्रेशरची गोळी चालू केली, हे वाचून दादा काळजीत पडले. म्हणाले, माझ्या बहिणीला कसलं आलंय ब्लडप्रेशर, दुसऱ्याला देईल ती. हे त्यांचं वाक्य आहे, माझं नाही.

आता कामाचं. तुझ्या नादानं मी बालसेविकेचं शिक्षण घेतलं आणि नवागामचं हे पाळणाघर चालवायला लागले. दीड वर्ष बरं चाललं. आता सरकारनं नवीन काढलंय. अनुदानावरच्या प्रत्येक पाळणाघराची तपासणी होणार आणि श्रेणी मिळणार, अ, ब किंवा क. पहिल्यांदा क आला तर ताकीद, दुसऱ्यांदा आला तर अनुदान बंद. अनुदान बंद म्हणजे आम्ही बंद, कारण आमच्या महिला मंडळाकडे चहापुरतेच पैसे असतात. प्लेगच्या वर्षापासून या शहरात जो तो तपासत फिरतोय. गटारं तपासून झाली, आता आम्ही.

तू तिकडे यावल तालुक्यात मुख्यसेविका. गावोगावच्या अंगणवाड्या तपासतेस, सेविका तुझी एसटी दिसली की अंगण झाडायला घेतात. तेव्हा तूच सांग, तपासणारी बाई काय बघते?

आमची जागा तुला माहीत नाही म्हणून लिहिते. एक लांब खोली, पुढे पत्र्याची पडवी. पाठीमागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचं खातं आहे. इथं कारखान्याला खातं म्हणतात. दिवसभर खटखट चालू असते, भिंतीला हात लावला तर हाताला कळतं. पटावर पंचवीस मुलं. काहींच्या आया याच खात्यात बॉबिन भरतात, काही पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात जातात. मदतीला धुरपदाबाई आहे. ती खिचडी करते आणि मला ओरडते.

एकच गोष्ट सांगते म्हणजे मी का घाबरले ते कळेल. मंगलाबाई म्हणून एक बॉबिनवाली आहे. तिच्या गोपालला सांभाळायला मोठी धनश्री घरी बसायची. पाळणाघर निघालं आणि धनश्री महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीत जायला लागली. सकाळची शाळा सुटली की ती आमच्याकडे येते आणि झोपलेली पोरं बोट लावून मोजते. बारापर्यंत नीट येतं, पुढं सगळा गोंधळ. मग पुन्हा एकपासून. मला तिचं ते मोजणं फार आवडतं. आम्ही बंद पडलो तर ती दुसऱ्या दिवशी घरी बसेल.

लवकर लिही.
तुझी नीलम

---

भुसावळ
२० ऑगस्ट १९९६

चि. नीलमला अनेक आशीर्वाद.

भाऊरावला सांग, बहिणीची चेष्टा करण्यापेक्षा स्वतःची विडी बंद कर. माझी गोळी माझ्याजवळ, त्याची विडी त्याच्याजवळ असं चालणार नाही.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, मागं पेरू, आजूबाजूला अजून वस्तीही नाही. आयुष्यभर जसं घर हवं होतं तसं मिळालं आणि आता रात्रभर पंखा बघत पडते. वय झालं, दुसरं काय. पुढच्या मार्चला निवृत्तच आहे.

आता नीट वाच. तपासणारी बाई काय बघते हे मी तुला सांगणार म्हणजे चोरानं कुलूप विकण्यासारखं आहे, पण तू भाची आहेस. ती पहिल्यांदा पाण्याचा माठ बघते. झाकण आहे का, ओगराळं आहे का. मग मुलांची नखं. मग वजनाचे तक्ते, आणि त्यात सगळ्या मुलांचं वजन दर महिन्याला सारखंच वाढलेलं असलं की ती मनात म्हणते, ही घरी बसून लिहिते. खेळणी नवीकोरी काढून ठेवू नकोस. नवं खेळणं दिसलं की मी ते मुलाच्या हातात देते. मूल बावरलं तर समजायचं की ते कपाटात असतं. खेळणी मळलेली असू देत.

तुझी खरी अडचण खटखटीची आहे. तपासणीत शांत वातावरणाला गुण असतातच. मी स्वतः एका गावात पिठाच्या गिरणीशेजारची अंगणवाडी बघितली आणि तिथल्या तिथं गुण कापले. अशा आवाजात मूल झोपेल कसं? तुझी बाई काही वेगळं करणार नाही.

तुमच्याकडे आठवड्यातून एक दिवस विजेची सुट्टी असते आणि माग बंद राहतात असं भाऊराव मागे म्हणाला होता. तो वार कोणता? त्या दिवशी मुलांची डॉक्टर-तपासणी ठेव आणि कार्यालयाला रीतसर कळव, की या दिवशी डॉक्टर येणार आहेत, साहेबांनी यावं. तपासणाऱ्या बाईला डॉक्टरची सही आयती मिळते, ती त्याच दिवशी येणार. मी असते तर गेले असते. तिला शांत खोली दिसेल, झोपलेली मुलं दिसतील. मला दुवा देशील.

चंद्रभागाआत्या

---

डिंडोली
८ सप्टेंबर १९९६

प्रिय आत्या, जयभीम.

घाईत लिहितेय. विजेची सुट्टी आमच्याकडे बुधवारी असते. तू सांगितलंस तसंच केलं, डॉक्टर बोलावले, कार्यालयाला कळवलं आणि तपासणीच्या हर्षदाबेन बरोब्बर बुधवारी आल्या. तुझं डोकं म्हणजे डोकं आहे. माठ बघितला, नखं बघितली. वजनाच्या तक्त्यांना छान म्हणाल्या. दोन तास बसल्या.

श्रेणीचं पत्रही लगेच हातात दिलं. आम्ही सगळ्याजणी अजून त्याबद्दलच बोलत असतो. दादांनी तर ते दोनदा वाचायला लावलं.

तुझी झोप कशी आहे? तू आता आमची काळजी करू नकोस. गोळी वेळेवर घे.

तुझी नीलम

---

भुसावळ
१६ सप्टेंबर १९९६

चि. नीलमला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी तसंच पर्समध्ये घालून मासिक बैठकीला नेलं. सगळ्या सेविकांसमोर सांगितलं, की माझी भाची सुरतेसारख्या शहरात, कारखान्याच्या भिंतीला लागून पाळणाघर चालवते आणि पहिल्याच तपासणीत अ घेऊन बसली. स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले. त्यांना म्हटलं, शिका काहीतरी. वातावरण शांत ठेवलं की निम्मं काम झालं. त्या पिठाच्या गिरणीवाल्या इंदुबाईला मुद्दाम दोन पेढे दिले आणि तिच्याकडे बघून हे वाक्य पुन्हा म्हटलं.

तू लिहिताना अ हे अक्षर लिहायचंच विसरलीस, पण बाप पत्र दोनदा वाचायला लावतो म्हणजे काय असणार ते मला कळतं. ते पत्र फ्रेम करून लाव.

झोप नाहीच. आता डॉक्टर म्हणतो संध्याकाळचा चहा सोडा.

चंद्रभागाआत्या

---

डिंडोली
२३ सप्टेंबर १९९६

आत्या, जयभीम.

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग रडू. पेढे वाटशील असं वाटलं असतं तर मी तेव्हाच खरं लिहिलं असतं.

आम्हाला क मिळाला.

दादांनी पत्र दोनदा वाचायला लावलं कारण त्यांना पहिल्यांदा खरं वाटेना. तुला लिहायला धीर होईना. तू सांगितलेली युक्ती होती, तुला वाईट वाटेल असं वाटलं. आता सगळं सांगते.

बुधवारी माग बंद, म्हणजे बॉबिनवाल्या आयांना सुट्टी. सुट्टीच्या दिवशी कोणती आई लेकराला पाळणाघरात ठेवेल? पटावर पंचवीस आणि खोलीत अकरा. हे मला आधी सुचायला हवं होतं. दर बुधवारी मुलं कमी असतात हे मीच तर हजेरीत मांडते. पण डोक्यात शांतता, शांतता एवढंच चाललेलं. हजेरीचे गुण तिथंच गेले.

अकरा तर अकरा, ती तरी झोपतील असं म्हटलं. जेवणं झाली, झोळ्या बांधल्या, चटया घातल्या. आवाज कुठलाच नाही. हर्षदाबेन कोपऱ्यात वही उघडून बसलेल्या. आणि एक मूल झोपेना. नेहमी पाठ टेकली की डोळे मिटणारी पोरं डोळे टक्क उघडे ठेवून पत्र्याकडे बघत होती. मग एकानं भोकाड पसरलं, की त्याच्यामागून सगळ्यांनी. मी एकाला खांद्यावर घेतलं, धुरपदाबाईनं दोघांना मांडीवर, डॉक्टर बिचारे खुळखुळा वाजवत उभे. हर्षदाबेननी गुजरातीत विचारलं, "आ छोकरां ऊंघतां केम नथी?" झोपत का नाहीत म्हणून. त्यांनी लिहिलं, मुलांना झोपेची सवय लावलेली नाही. त्या वाईट नाहीत गं, दिसलं ते लिहिलं.

बुधवारी पोरं किरकिर करतात हे मला माहीत होतं. मला वाटायचं, शेजारच्या पोरांच्या आया घरी आणि आपली कामावर, म्हणून रडत असतील. गुरुवारी मी हे मंगलाबाईला सांगितलं तर ती हातातली बॉबिनची टोपली खाली ठेवून हसली. म्हणाली, "आमना घर बी तेच शे. बुधवारले खटखट बंद व्हस म्हणीसन गोपाल झोपस नही." त्यांच्या सगळ्या गल्लीत बुधवारी मुलं झोपत नाहीत. आत्या, ही पोरं पोटात असल्यापासून माग ऐकतात. त्यांना तो आवाज म्हणजे सगळं ठीक चाललंय.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "पाळणाघर बंद व्हयनं ते धनश्रीले घर बसाडनं पडी, बाई." धनश्री तिथंच उभी होती. तिनं त्या दिवशी पोरं मोजली नाहीत.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी आहे. माग चालू असले तर आवाजाचे गुण जाणार, बंद असले तर झोपेचे. काय करू?

नीलम

---

भुसावळ
१ ऑक्टोबर १९९६

चि. नीलम,

पेढे काही परत मागता येत नाहीत. ते जाऊ दे.

तुझं पत्र वाचून मला राग आला, आणि तो तुझा नव्हता. कारण ही गोष्ट मला ठाऊक होती, तुला जन्मापासून ठाऊक आहे आणि आपण दोघीही विसरलो.

चौऱ्याहत्तर सालच्या रेल्वे संपाची गोष्ट तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. भाऊराव इथं यार्डात खलाशी होता, आपण सगळे रुळांना लागून राहायचो. दिवसरात्र शंटिंग, डबे एकमेकांवर आपटायचे, इंजिनं ओरडायची आणि तू मजेत झोपायचीस. संप झाला, यार्ड गप्प झालं आणि तुझी झोप उडाली. अख्ख्या वस्तीतली लेकरं रडत होती. आम्हाला वाटलं साथ आली. कोणी मीठमिरची ओवाळली, कोणी दवाखान्यात नेलं. शेवटी तुझ्या बापानं रॉकेलच्या डब्यात खडे भरले आणि तुझ्या उशाशी बसून खडखड वाजवत राहिला. तू झोपलीस. तो थांबला की डोळे उघडायचीस. संपात त्याची नोकरी गेली, सुरतेला गेला, पण त्या दिवसांतलं काय आठवतं विचारलं की मला तो डबाच आठवतो. विचार त्याला.

आता मुख्यसेविका म्हणून सांगते. कसलीही युक्ती करू नकोस. हर्षदाबेनला माग चालू असलेल्या दिवशी येऊ दे, न सांगता आली तर उत्तम. तिला एवढंच सांग, की बाई, मुलं झोपेपर्यंत बसा आणि मग लिहा. आपण तपासणाऱ्या बायका दारातूनच गुण द्यायला लागतो.

चंद्रभागाआत्या

---

डिंडोली
२८ नोव्हेंबर १९९६

प्रिय आत्या, जयभीम.

अक्षर आधी लिहिते म्हणजे तू घोटाळा करणार नाहीस. ब. आम्हाला ब मिळाला. पाळणाघर चालू राहणार.

हर्षदाबेन गेल्या शुक्रवारी न सांगता आल्या. माग जोरात चालू. दारात उभ्या राहून त्यांनी काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि वही उघडली. मी जवळ जाऊन तू सांगितलेलं वाक्य म्हटलं, जरा ओरडूनच म्हणावं लागलं. मुलं झोपेपर्यंत बसा, मग लिहा. त्या बसल्या.

जेवणं झाली आणि एकामागून एक मुलं आडवी झाली. थोपटावंसुद्धा लागलं नाही. हर्षदाबेन एकेका झोळीत वाकून बघत होत्या. त्यांना वाटलं असावं की पोरांना काही पाजलंय. एवढ्यात लाइट गेली.

मी ठरवून काही केलं नव्हतं, शपथ घेते. लाइट गेली आणि पलीकडचे माग बंद पडले. पहिल्यांदा गोपाल उठून बसला. मग त्याच्या शेजारची, मग पलीकडची झोळी हलायला लागली. चार-पाच मिनिटांत सगळी खोली जागी आणि रडायची तयारी चाललेली. धुरपदाबाई भिंतीकडे तोंड करून वीज कंपनीला शिव्या द्यायला लागली. हर्षदाबेन एकदा मुलांकडे आणि एकदा भिंतीकडे बघत होत्या. मला तू लिहिलेला दादांचा डबा आठवला. मी पत्र्याचं ताट आणि चमचा घेतला आणि खटखट, खटखट वाजवायला सुरुवात केली. दोन पोरं लगेच पडली. मग लाइट आली, माग सुरू झाले आणि बाकीचीही आडवी झाली.

हर्षदाबेन म्हणाल्या, "हवे समजायुं." आता कळलं. मग त्यांनी मागच्या वेळचं ते वाक्य माझ्यासमोर खोडलं. शांत वातावरणाला दहापैकी आठ दिले. दोन कशाचे कापले विचारलं तर म्हणाल्या, लाइट गेल्याचे. अ मिळाला नाही कारण संडास गल्लीच्या टोकाला आहे, आणि ते बरोबरच आहे. मंडळानं आता तेच काम हातात घेतलंय.

मंगलाबाईनं खात्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन येऊन आमच्या पडवीत चहा केला. धनश्री आता अठरापर्यंत पोहोचली आहे.

दादांना डब्याचं विचारलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, धूर गेला. तेव्हा विडीही पेटलेली नव्हती. मग म्हणाले, चंद्रभागेला लिही, तुझं जुनं घर यार्डाला लागून होतं, नवं कुठं आहे? मी विचारतेय. नवं घर कुठं आहे, आत्या?

तुझी नीलम

---

भुसावळ
६ डिसेंबर १९९६

चि. नीलमला आणि तिच्या हुशार बापाला,

नवं घर यार्डापासून दोन कोसांवर आहे.

चार महिने गोळ्या खाल्ल्या, चहा सोडला, उशी बदलली, पलंगाची दिशा बदलली. पन्नास वर्षं डब्यांच्या आपटण्यात झोपले हे मलाच सुचू नये आणि भाऊरावला सुचावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. तो आता मरेपर्यंत ऐकवणार.

काल पिठाच्या गिरणीवाल्या इंदुबाईकडे गेले होते. मुलं झोपेपर्यंत बसले. गिरणी चालू होती आणि सगळी गाढ झोपली. तिचे कापलेले गुण मी परत दिले. ती म्हणाली, बाई, पेढे? मी म्हटलं, मागचेच समज.

जानेवारीत रजा काढून येतेय. तुझ्या खोलीत एक चटई मोकळी ठेव.

चंद्रभागाआत्या

---

डिंडोली
२० जानेवारी १९९७

प्रिय आत्या, जयभीम.

तू भुसावळला पोहोचलीस आणि पोहोचल्या पोहोचल्या स्टेशनजवळ भाड्याची खोली बघायला लागलीस, हे वाचून दादा दिवसभर गालात हसत होते. मागच्या पेरूचं काय करणार ते कळव.

एक गोष्ट तू इथं असताना सांगितली नाही, कारण तुझा रुबाब गेला असता. आता सांगते. तू शनिवारी दुपारी पाळणाघर नीट तपासते म्हणून आलीस. माठाचं झाकण उचललंस, धुरपदाबाईची नखं बघितलीस आणि मग पाच मिनिटं पाठ टेकते म्हणून भिंतीकडच्या चटईवर पडलीस. तू तीन तास उठली नाहीस. त्यात हर्षदाबेन येऊन गेल्या.

मी तुला उठवायला धावले. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग झोपलेली मुलं किती हे लिहायला वही काढली आणि मोजायला लागल्या, तर धनश्री पुढे झाली. म्हणाली, मी मोजते. हर्षदाबेन थांबल्या.

धनश्रीनं दारापासून सुरुवात केली. एकेका झोळीवर, एकेका चटईवर बोट ठेवत गेली. बारा ओलांडले, अठरा ओलांडले, कुठंही अडखळली नाही. त्या दिवशी पटावरची पंचवीसच्या पंचवीस आली होती. शेवटी ती भिंतीपाशी आली, तुझ्या पायाला बोट लावलं आणि जोरात म्हणाली, सव्वीस.

मी चूक सांगायला तोंड उघडलं. हर्षदाबेननी तुझ्याकडे बघितलं, धनश्रीकडे बघितलं आणि वहीत सव्वीस लिहून खाली सही केली.

तुझी नीलम